चिखलदऱ्यात घरचं पीठ

हॉटेलवाल्यांवर माझा विश्वास नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून चिखलदऱ्याला जाताना मी बायकोला घरचं ज्वारीचं पीठ पिशवीत भरायला लावलं आणि सोबत नेलं. तिथं एका बाईची चुलीवरची खानावळ होती. तिच्यापुढे पिशवी ठेवली आणि सांगितलं, "याच्याच भाकरी कर. मी इथंच उभा राह्यतो."

"काहून बाबा, मी काय पीठ बदलून टाकीन?"

"सांगता येत नाही."

पहिली भाकर थापतानाच चिरली. दुसरी तव्यावर टाकताना तुटली.

"पीठ जुनं आहे, बाबा. विरी गेली त्याची. माह्या पिठाची करू काय?"

मला डाव कळला. "परवाच दळून आणलं ते. तुलेच थापता येत नाही," म्हणालो आणि बायकोला सांगितलं, "तू बस चुलीपाशी."

बायको जागची हलली नाही. "परवाचं पीठ घरी आहे. हे दोन महिन्याचं."

"काहून?"

"मले ठाऊक होतं, तुमी मले इथंबी चुलीपाशी बसवसान. एक दिवस दुसऱ्याच्या हातची गरम भाकर खाऊ द्या." मग त्या बाईला म्हणाली, "तुह्या पिठाच्या कर वं माय."

मी उभ्याउभ्याच चार खाल्ल्या. पीठ कुठल्या डब्यातून काढते, ते मात्र पाहून घेतलं.