चौतीस वर्षांचं 'हॅव बीन'

...आणि अहो, साठीला इंग्रजीच्या क्लासला जावं, पण त्या 'हॅव बीन'च्या वाटेला जाऊ नये! तुम्हाला सांगतो, रिटायर होऊन तीन महिने घरी लसूण सोलतोय, वर बायको, शैला, म्हणते, "अहो, अर्धी सालं तशीच ठेवताय!" शेवटी मैत्रीनं, म्हणजे लेकीनं, हडपसरच्या एका कंपनीत सेफ्टी सुपरवायझरचा अर्ज भरला. मला ती नोकरी हवीच होती हो! पण मुलाखत इंग्रजीत... म्हणून कोथरूडचा क्लास.

क्लासचे सर केयूर, वय माझ्या मुलीपेक्षा कमी. म्हणे, "भीमरावकाका, सोप्पंय! आधी सुरू झालं आणि अजून सुरूच आहे, तिथं हॅव बीन!" म्हटलं, एवढंच? हे तर आमच्या रस्त्याचं खोदकाम! सुरू झालं, आणि अजून सुरूच आहे!

"आता तुमचं वाक्य. चौतीस वर्षं काय करत आलात?" आय हॅव बीन... आणि अडलं घोडं! मी खडकीला, दारूगोळा कारखान्यात! आतलं बाहेर बोलायचं नाही. बायकोला सांगितलं नाही, ते या केयूरला सांगू? शैला लग्नापासून रोज विचारते, "आज काय केलंत?" मी म्हणतो, "काम." तिचं विचारणं... सुरू झालं, आणि अजून सुरूच आहे!

मुलाखतीत पहिलाच प्रश्न तोच! "व्हॉट हॅव यू बीन डूइंग?" एसीत घाम फुटला. गेली हो नोकरी! म्हटलं, "आय हॅव बीन... नॉट टेलिंग." मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी विचारलं, "थर्टी-फोर इयर्स?" "यस मॅडम. नॉट इव्हन वाइफ!" मॅडम हसल्या, "असाच माणूस हवा होता, सोमवारी या!" अहो, जिन्यात रडलो मी. साठीला कुणीतरी 'सोमवारी या' म्हणतंय!

शैलाला पेढा भरवला, म्हटलं, आता रोज सगळं सांगणार. काय खुलली हो ती! सोमवारी गेलो, तर पहिलाच कागद... इथलं काम बाहेर बोलायचं नाही, करा सही! केली.

संध्याकाळी दारातच शैला, "हं, आज काय केलंत?"

"...काम."

तिनं माझ्याकडे पाहिलं, खळखळून हसली, आणि लसणाची परडी पुढं सरकवली, "मग हेही सुरूच राहू दे!"