लंगडी घालणारा वाघ

खरं तर हे कुणाला सांगू नकोस, असं आईनं दहादा बजावलंय... पण तुम्हीच सांगा, वाघ कधी लंगडी घालत जंगल फिरतो का?

झालं असं, की माझे बाबा अभयारण्यात गाइड आहेत आणि तीन महिने वाघानं शेपटीचं टोकसुद्धा दाखवलं नव्हतं! पर्यटक कुरकुरायचे, "हरणं काय, आमच्या कॅलेंडरवरही आहेत!" शेवटी वनखात्याचे साहेब गरजले, "आणखी एक तक्रार, की तुमचा बिल्ला जमा!" अन् दुसऱ्याच सकाळी पहिल्या जीपसमोर, धुळीत, ताजे ठसे! मग काय, रोजच! लोक गुडघ्यांवर बसून फोटो काढतायत, बाबा कुजबुजतायत, "शूऽऽ... आत्ताच गेलाय..."

मला तिथेच संशय आला. माहिती केंद्रातल्या कपाटातला प्लास्टरचा पंजा गायब, आणि बाबांच्या पिशवीला आतून पांढरी पूड!

रविवारी मीही जीपमध्ये मागे बसले. बघते तर काय, सगळे ठसे मागच्या डाव्या पायाचे! पण बोलणार कोण? माझ्या तोंडून वर्गात 'हजर'सुद्धा धड निघत नाही! तेवढ्यात शेजारी बसलेल्या भिंगवाल्या आजी ओरडल्याच, "अहो, याचे उरलेले तीन पाय कुठायत?"

बाबांनी सुस्कारा सोडला. "लंगडतोय बिचारा..."

"तीन पायांनी?"

बातमी साहेबांपर्यंत गेली, त्यांनी जनावरांचे डॉक्टर बोलावले, डॉक्टरांनी मांसात औषध घालून ठेवलं आणि म्हणाले, "उद्या ठसे तपासतो." म्हणजे बिल्ला गेलाच की हो! त्या संध्याकाळी बाबा इतकं गोड बोलायला लागले, की मला पुन्हा संशय आला. "बाळा, हस्तकलेत तुला पैकीच्या पैकी ना गं?"

तीन पंजे केले मी! मातीचे! चुलीपाशी वाळवून!

सकाळी चारही पाय शिस्तीत उमटलेले. डॉक्टर वाकले, चष्मा पुसला आणि म्हणाले काय, "बघा, माझं औषध लागू पडलं!" साहेबांनी बाबांची पाठ थोपटली, मग माझ्या नखांतल्या मातीकडे बराच वेळ पाहिलं आणि हळूच म्हणाले, "आता दोन बछडेही दिसले, तर बरं होईल..."

मला आता साहेबांचाच संशय येतोय! पण करता काय? बिल्ला वाचला ना... फक्त दोन बछडे म्हणजे आठ पंजे, आणि सोमवारी माझा गणिताचा—

"अगं ए, बडबड पुरे! एक पंजा तडकला बघ!"

आले हो बाबा, आले...