बाकाखालचा भुसा

मंडळी, एक विचारतो. उत्तराची घाई नको — तुमची सवय मला ठाऊक आहे, मी काहीही विचारलं की पुढच्या रांगेतून "देव!" असं येतंच! आज माणसाचं विचारतोय. जी वस्तू तोंड उघडून मागितली असती तर मिळाली असती, ती लबाडीनं घेतली — तर घरात नेमकं काय आलं?

टाळ खाली ठेवा. ऐका.

सुताराचं घर. थोरला भिकोबा, धाकटा लहानू. आणि घरात एक बाक! शिसवीचा, पाच हात लांब, पाठीला कोरलेली वेल, हात टेकायच्या दांड्यांच्या टोकांना मोर. पणजोबानं घडवलेला, सबंध बाकात एक खिळा नाही! त्यावर आजोबा बसला, बाप बसला. घरातल्या पोरींची लग्नं त्याच बाकावर ठरली. पाहुणे आधी बाकावरून हात फिरवायचे, मुलीकडं नंतर बघायचे! हसता काय? तुमच्या सोफ्यावरचं प्लास्टिक अजून निघालं नाही!

लहानू रंधा मारत राहिला. भिकोबानं मात्र हत्यारं ठेवली, किराणा दुकान टाकलं. वीस वर्षं गूळ जोखला. हत्यारं ठेवली त्या दिवशी बाप रागावला नाही. बाकावर थोडा सरकला, एवढंच. भिकोबा शेजारी बसला. ती सरकून दिलेली जागा — ती भिकोबाच्या जिवात रुतून बसली.

बाप गेला. वाटण्या आल्या.

त्या गावची रीत अशी, की थोरल्यानं वाटे मांडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. शहाणी रीत! मांडणाऱ्याचा हात आपोआप सरळ राहतो. भिकोबानं एकीकडं बाक ठेवला, दुसरीकडं पलंग आणि कपाट. आणि घाबरला. लहानूनं बाकच उचलला तर?

सोपं होतं हो! "लहानू, तेवढा बाक मला दे." किती शब्द झाले? पण थोरला ना! धाकट्यापुढं पदर पसरायचा? जीभ हलेना. मग हात हलला. लहानूच्या करवतीखालचा मूठभर भुसा उचलला आणि बाकाच्या पायांशी टाकला.

भावकी जमली. भिकोबा मोठ्यानं म्हणाला, "बघ बाबा लहानू, आधीच सांगतो. बाकाला भुंगा लागलाय. मागनं म्हणशील, दादानं सांगितलं नाही."

लहानू वाकला. चिमूटभर भुसा घेतला, बोटांत चोळला. वर बघितलं. भावाकडं. बघतच राहिला.

"अरे उचल की लवकर!" सगुणाआत्या ओरडली. "भाकऱ्या गार व्हायला लागल्या!"

"पलंग-कपाट माझं," लहानू म्हणाला. "बाक दादाला राहू दे."

झालं! मिळाला बाक! भिकोबा रोज ऐटीत बसायचा — आणि रोज थोडा सरकून बसायचा. शेजारी कोण? कोणी नाही. सणाला लहानू आला तर खाली घोंगडीवर टेकायचा.

"बाकावर बस की रे!"

"नको दादा. भुंगा लागलाय ना त्याला."

तोंडावर हसू नाही, राग नाही. सहा वर्षं असं!

मग एका दुपारी मोराच्या चोचीला बोटाला टोचणारी कुस निघाली. भिकोबानं कानस घेतली, घासायला बसला. धोतरावर भुसा पडला. काळसर, जांभळट. भिकोबाचा हात थांबला. शिसवीचा भुसा असा असतो! आणि आपण त्या दिवशी टाकला तो? पिवळा. सागाचा. तोही जाडा — भुंगा पाडतो तो तर पिठासारखा! सुताराच्या पोटी जन्मलेला माणूस, आणि शिसवीखाली सागाचा भुसा टाकून बसला!

म्हणजे लहानूला कळलं होतं. चिमटीत धरताक्षणी.

चार माणसं बोलावली, बाक उचलला, उन्हानं तापू नये म्हणून वर चादर घातली, आणि भिकोबा धाकट्याच्या दारात उभा राहिला.

"लहानू... तुला कळलं होतं?"

"माझ्याच करवतीखालचा होता, दादा."

"मग बोलला का नाहीस?"

"सगळ्या भावकीत? तुझी मान खाली घालायला?" लहानूनं रंधा बाजूला ठेवला. "मी ठरवूनच आलो होतो, बाक दादाचा. फक्त तू मागशील म्हणून थांबलो होतो. मागितला असतास तर डोक्यावर घेऊन आणून दिला असता रे."

"मग आता तू घे. माझ्यासाठी घे."

"नको. माझ्या घरात आला तर मला रोज तो भुसाच दिसेल."

बुवा, मृदंगावर थाप नको! मंडळी, इतकी वर्षं मी इथं दोघा भावांना मिठी मारायला लावत आलो. दोघं बाकावर बसायचे, तुम्ही डोळे पुसायचे, मी नारळ घेऊन घरी जायचो. खोटं सांगत होतो. मिठी झालीच नाही. लहानूनं पाणी दिलं, भिकोबा ते प्यायला, आणि बाक आल्या वाटेनं परत निघाला. चौघांच्या खांद्यावर चादरीखालचा बाक, मागं भिकोबा एकटा, मान खाली. वाटेतली माणसं बाजूला झाली. त्यांनी हात जोडले. त्यांना वाटलं, कोणीतरी गेलं.

चुकलं होतं का त्यांचं?

आता तुम्ही सांगा. तुमच्याही घरात कोणाकडं काहीतरी मागायचं राहिलंय. वस्तू असेल, माफी असेल, शेजारी बसायची जागा असेल. मागा! नाही म्हणाला तर नाही म्हणाला, भाऊ तर उरेल! देवाचं नाव आपण घेऊच, ते कुठं पळून जात नाही. आधी ज्याचं नाव घेताना जीभ अडते, त्याचं घ्या. मनात घ्या.

मी थांबतो.