शेहेचाळीस टक्के

नाही हो भाऊ, तसं नका ढकलू, जोर लावून काय होतंय — थंडीत ही वायर लाकडासारखी कडक होते, आधी जरा वर उचला, मग आत — हां, बसलं बघा. दिवा लागला. किती दाखवतंय? एकोणीस? बापरे, एकोणीसवर आणलीत म्हणजे छातीचे आहात. मला तर चाळीसच्या खाली गेली की घाम फुटतो, बाहेर उणे नऊ असलं तरी. तर काय विचारत होतात — विजेची गाडी घ्यावी का, परवडते का? मेहुण्याची मागून आणलीत, आठवडाभर चालवायची आणि मग ठरवायचं — शहाणे आहात. मी कुणालाच विचारलं नव्हतं. रताळं घ्या. घ्या हो, लाजताय काय, त्या गेटवरच्या बाईकडचं आहे, भट्टीतून आत्ता काढलंय. दोन घेतली होती, एक आमच्या म्हाताऱ्यासाठी, बापासाठी — पण तो काही खाणार नाही माझ्या हातचं, घ्या तुम्ही.

आधी फायदे सांगतो, म्हणजे तुम्ही म्हणायला नको की हा लुआन नुसता रडतो. मी लिफ्टचा माणूस. दुरुस्तीचा. आमच्याकडे नियम आहे — लिफ्टमध्ये माणूस अडकला असा फोन आला की अर्ध्या तासात तिथं पोचायचं. बेइजिंगमध्ये अर्धा तास! आणि पेट्रोलच्या गाडीला आठवड्यातला एक वार शहरात बंदी. आता लिफ्ट काय वार बघून अडकते? ह्या गाडीला बंदी नाही, कधीही काढा. सहा वर्षांत मी एकदाही उशिरा पोचलो नाही, एकदाही नाही, ऑफिसात भिंतीवर फोटो आहे माझा. विजेचा खर्च म्हणाल तर पेट्रोलच्या पाव हिश्श्याइतकासुद्धा नाही. आवाज नाही, धूर नाही, बायकोची सीट गरम होते, बायको खूश — ती खूश तर अर्धं जग खूश. लेक मागं झोपला तर उठत नाही. एवढे सगळे फायदे. खरेच आहेत हो, खोटं कशाला सांगू.

आता तोटे. कागदावर सहाशे किलोमीटर — नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! जानेवारीत साडेतीनशे मिळाले तर देवाला हात जोडा, तेही हीटर जपून लावला तर. आमच्या सोसायटीत घरचा चार्जर बसवू देत नाहीत, दोन वर्षं अर्ज करतोय, ती ऑफिसातली बाई म्हणते जुनी वायरिंग आहे, आग लागली तर कोण जबाबदार. म्हणजे गाडी उघड्यावर, बर्फात, आणि चार्जिंगला असं रांगेत. आज रविवार असून रिकामं आहे — नव्या वर्षाच्या सणाच्या आदल्या आठवड्यात येऊन बघा, लोक भांडतात, थर्मास फेकतात एकमेकांवर. आणि पहिल्या हिवाळ्यात तर मी पुरता उघडा पडलो. सासुरवाडीला निघालो होतो, बायको, पोर, दारूच्या दोन बाटल्या, भेटीचे डबे — स्क्रीनवर अकरा टक्के, घर सात किलोमीटर, म्हटलं पोचतोय आरामात — आणि चढावर फुस्स. अकराचे तीन कधी झाले कळलंच नाही. शेवटी मेहुणा ट्रॅक्टर घेऊन आला, दोर बांधला, आणि माझी ही अडीच लाख युआनची गाडी सगळ्या गावातून ओढत नेली. सासरे दारात उभे. म्हणाले, जावईबापू, गाढवाला निदान गवत तरी चारता येतं. तेव्हापासून आकड्यावर विश्वासच नाही माझा. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं — पुरतील एवढे असले तरी मी आणखी घेतो. ऐंशी झाल्याशिवाय हलत नाही. सवयच लागली.

ते? ते माझ्या फोनचं. वाजू दे. वाजतं असंच.

आणि नंबरप्लेटचं काय करणार? सरकारी रांगेत आहात की नाव घालायचंय अजून? विजेच्या गाडीची हिरवी पाटी मिळाल्याशिवाय गाडी घेऊन ठेवायची कुठं, दिवाणखान्यात? एकट्याच्या नावावर अर्ज केलात तर केस पांढरे होतील. कुटुंबाचा अर्ज करा. त्यात जेवढी माणसं, जेवढ्या पिढ्या, तेवढे गुण — आईवडील घातले की एकदम वर जातो नंबर. मी घातले. बायको, मी, लेक, आई, म्हातारा — तीन पिढ्या! फक्त एक अट असते, अर्जात ज्याचं नाव त्याच्या नावावर दुसरी गाडी नको. आणि म्हाताऱ्याच्या नावावर होती. डबा हो, जुनी व्हॅन, पेट्रोलची, निळी पाटी. तीस वर्षं त्याने तालुक्याची बस चालवली, निवृत्त झाल्यावर जे हाताशी आलं त्यातून ती घेतली. झाओगौला — आमचं गाव ते, यानछिंगच्या पलीकडे, डोंगरात — तिथं कुणाची बाळंतीण असो, कुणाचं डुक्कर असो, म्हाताऱ्याच्या डब्यातून जायचं. मी म्हटलं, बाबा, सत्तरी आली, डोळे गेले, कशाला चालवताय? गाडी मोडीत काढा, मला गुण मिळतील. तुम्हाला कुठं जायचं असलं की फोन करा, मी आहे ना. असं म्हणालो. मी आहे ना.  मोडीत द्यायच्या आदल्या दिवशी त्याने ती धुतली — भंगारात द्यायची गाडी, आतून बाहेरून धुतली, चाकं ब्रशने घासली. आईने शिवलेली सीटची कव्हरं तेवढी काढून घेतली.

कव्हरं अजून आहेत. कपाटात.

आई? बरी आहे. बरी म्हणजे — तिच्याकडेच चाललोय. दर रविवारी जातो, तालुक्याला व्यायामाला न्यायचं असतं तिला, हातापायाच्या. वय झालं की असं काहीतरी चालायचंच. तुमचा फोन वाजतोय बघा. घरचा? उचला, उचला, माझं काय, मी आहे इथंच.

...

आईचा होता ना? कळतं हो, आवाज बाहेर येतो. कुठवर आलास विचारत होती, कोबीचं लोणचं घालून डम्पलिंग केलेत, पाणी उकळायला ठेवू का म्हणाली. आणि तुम्ही म्हणालात — निघालोय, रस्त्यात आहे.

नाही, त्यात काय, सगळेच म्हणतात. अंथरुणात असला तरी माणूस म्हणतो निघालोय. त्यात काही खोटं नाही, माणूस निघालेलाच असतो मनातनं. मीही तेच म्हणालो होतो. इथंच. तुम्ही उभे आहात ना, ह्याच तीन नंबरला — गेल्या वर्षी सणाला सहा दिवस होते. सकाळी म्हाताऱ्याचा फोन आला, तुझी आई उठली तर उजवा हात जड झालाय म्हणते, चप्पल पायात जात नाही, चक्कर येते. मी म्हटलं आलोच. गाडी रात्रभर बर्फात, अठरा टक्के. त्यात झाओगौ होत नाही, म्हणून इथं आलो. पन्नास मिनिटं रांग. ठीक आहे, ती रांग काही मी लावली नव्हती. मग नंबर लागला. लावलं. अठरा, पंचवीस, तीस — चढत होतं भराभर. आणि शेहेचाळीसवर पुन्हा म्हाताऱ्याचा फोन. म्हणाला, शेजारचा वेइ म्हणतोय अ‍ॅम्ब्युलन्स बोलाव, पण तुझी आई ऐकत नाही, गावभर बोभाटा नको म्हणते, पोरगा येतोय ना म्हणते — तू कुठवर आलास? आणि मी म्हणालो, बोगद्यापाशी.

बोगदा इथून वीस मिनिटांवर आहे.

आता तुम्ही म्हणाल, बरं, तोंडातून निघून गेलं, पण मग लगेच वायर काढली ना, निघालात ना? शेहेचाळीसमध्ये मी झाओगौ गाठलं असतं, तिथून तालुक्याचं इस्पितळ, आणि तरी उरले असते. हिशेब मला येतो हो, रोजचा आहे. पण मी बसलो. ऐंशी होईपर्यंत बसलो. सव्वीस मिनिटं. मागच्याने काचेवर टकटक केलं, भाऊ, झालं का? मी काच उघडलीच नाही. हीटर चालू होता, आत ऊब होती, फोनवर एक माणूस मासे तळत होता ते बघत होतो — मासे तळताना बघत होतो मी, भाऊ! मनात काय होतं विचाराल तर सांगता येत नाही. चढावर बंद पडली तर, हे होतं. तो ट्रॅक्टर होता. सासऱ्यांचं गाढव होतं. आणि चक्कर काय, म्हाताऱ्या माणसांना येतेच चक्कर, हेही होतं. अनोळखी माणूस लिफ्टमध्ये अडकला तर मी अर्ध्या तासात — फोटो आहे माझा भिंतीवर.

पोचलो तेव्हा ती दारात खुर्चीवर बसली होती, कोट घालून, गळ्यात मफलर, पिशवी मांडीवर. तयार. तोंड एका बाजूला ओढलेलं. म्हाताऱ्याने तिला तसं तयार करून बसवलं होतं, पोरगा बोगद्यापाशी आहे म्हणून. बोगद्यापासून आमचं घर अर्धा तास. म्हाताऱ्याने घड्याळात बघितलं, मग माझ्याकडे, मग गाडीच्या चाकांकडे. तीस वर्षं तो रस्ता चालवलाय त्याने, त्याला वळणन् वळण मिनिटासकट पाठ आहे.  तिला उचलून मागं ठेवलं आणि शेजारी बसला. ती त्याची ह्या गाडीतली पहिली आणि शेवटची खेप. आता रविवारी मी आईला पुढं बसवतो, पट्टा लावतो, आणि तो बसने येतो. बसथांबा दीड किलोमीटर, काठी टेकत चालत जातो. शेजारून गाडी हळू नेली तरी बघत नाही. त्याच्या डब्यात घातलं असतं तर पंचवीस मिनिटांत होती ती इस्पितळात. त्याने हे कधी म्हटलेलं नाही. कुणीच म्हटलेलं नाही, तेच तर — कुणी शिव्या दिल्या तर बरं वाटेल.

डॉक्टरला मी विचारलं, अर्धा तास आधी आणली असती तर? तरुण होता, तुमच्याएवढा. म्हणाला, तसं नक्की सांगता येत नाही. नुसतं हो म्हणाला असता तरी चाललं असतं. आता ती बोलत नाही, डाव्या हाताने सगळं करते. गेल्या रविवारी डम्पलिंग करायला बसली. एका हाताने तोंड नीट मिटत नाही हो त्यांचं, पाण्यात पडले की उघडतात, सारण बाहेर. म्हातारा ते फुटकेच वेचून आपल्या वाडग्यात घेतो, आणि चांगले माझ्यापुढं ठेवतो.

हे कुणाला सांगितलेलं नाही मी. बायकोलाही नाही. तिला रांगच माहीत आहे, रांग फार होती म्हणून. तुम्ही आपलं गाडी परवडते का विचारलंत आणि मी कुठं — रताळं गार झालं बघा तुमचं.

परवडते. घ्या. गाडीत काही खोट नाही, लिहून देतो. म्हाताऱ्याची गाडी मोडीत काढायची की नाही ते — तुमच्या वडिलांची आहे ना एक? आहे. वाटलंच मला. ते कागद मागायलाच चाललात ना आज? नाही, मी काही बोलत नाही त्यावर, मी कोण बोलणारा.

किती झाले तुमचे? बघा ना. अठ्ठेचाळीस? आणि जायचं कुठं, हुआइलाई? म्हणजे सत्तर किलोमीटर, फार तर. पुरतात. हीटर लावलात तरी पुरतात. काय ऐंशी होऊ दे? कशाला ऐंशी? आईने पाणी ठेवलंय ना तिकडं? काढा ती वायर. काढा म्हणतो ना! आधी दाबा, मग ओढा — हां. आता बसा, आणि फोन करून सांगा, आत्ता निघालो म्हणून. आत्ता म्हणा.

माझं? माझं केव्हाच झालंय, भाऊ, शंभर. तो फोन त्याचाच वाजतोय मघापासून, जागा अडवल्याचा दंड लागतोय मिनिटाला. लागू दे. दर रविवारी लागतो. तुम्ही निघा.