पालथा डबा

ऐका. मध्येच कोणी बोलायचं नाही. दिगू, तू पुढे सरक. परवा आखातात निघालास ना? मग तुझ्या सासऱ्याने जन्मभर जे तुला सांगितलं नाही, ते आज ऐक.

तुझा सासरा, लवू घाडी. गावची वेस राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, घास ठेवायचा मान त्याच्या घराचा. आम्ही दोघं तिकडे एकाच शहरात होतो. चहूकडे वाळू, आणि मध्ये हिरवंगार शहर! खजुराच्या बागा, बागांतून पाण्याचे पाट, आपल्या पोफळीत असतात तसेच. आणि मातीचे जुने किल्ले. त्यातल्या एकाची भिंत आम्ही लिंपत होतो. मातीचं काम मला कोणी शिकवायला लागत नाही.

त्या दिवशी लवूला मुलगी झाल्याचा निरोप आला. गडी हवेत! दुपारी जेवलासुद्धा नाही. अंधार पडला तसा भरला डबा घेऊन खोलीकडे निघाला. मी माती भिजत घालायला मागे राहिलो. किल्ल्याचा म्हातारा पहारेकरी म्हणाला, "सडकेने जा. बागेतून नको."

मी म्हणालो, "लवू, ऐक त्याचं."

"दादा, घाडी आहे मी. भुतं मला घाबरतात!"

गेला बागेतून.

बागेच्या मध्यावर पडका बुरूज. शेजारी पाट. हा बसला जेवायला. आणि घरच्या सवयीने काय केलं? पहिला घास बुरुजाखालच्या दगडावर ठेवला. म्हणाला, "राखणदारा, मुलगी झाली. सांभाळ."

अरे, आपला राखणदार आपल्या वेशीत! तिथे कोण बसलंय, तुला काय ठाऊक?

घास गेला. डोळ्यांदेखत गेला! बुरुजातून आवाज आला, "वाढ."

आपल्या बोलीत! त्या वाळवंटात!

लवूने दुसरा घास ठेवला. तोही गेला. "वाढ." लवू डबा घेऊन उठला, पळत सुटला. पाटाच्या कडेने पळाला, आणि आला कुठे? त्याच बुरुजाशी! पुन्हा पळाला. पुन्हा बुरूज! आणि पाटाचं पाणी उलटं वाहत होतं. ऐकताय ना? उलटं! वारा नाही, झावळी हलत नाही, आणि खजुराची झाडं वाकून वाटेवर आलेली. वाट बंद.

"वाढ."

भात वाढला. भाजी वाढली. डबा संपला. मग बुरुजातून एक हात बाहेर आला. सुक्या मातीचा, भेगाळलेला. लांब, लांब, संपेचना! त्याने डबा चाचपला. रिकामा. आवाज आता कानाशी. "घरी काय आहे? मुलगी झाली म्हणालास."

नुसता हुंकार दिला असता तरी संपलं होतं!

पण तो घाडी. वाढणं कुठे थांबतं हे त्याला बापाने शिकवलेलं. वाढणाऱ्याने भांडं पालथं घातलं, हात धुतले, की पंगत उठली. मग देवानेही मागायचं नाही आणि भुतानेही नाही.

लवूने डबा दगडावर पालथा घातला. उलट्या पाण्यात हात बुडवले. ओरडला, "पंगत उठली! हात धुतले मी! माझी मुलगी पानात नाही!"

हात थांबला. बोटं गालाला टेकलेली, तिथेच थांबली. हळूच पाणी सरळ वाहू लागलं. लवू त्या पाण्याबरोबर धावत सुटला.

खोलीत आला आणि धापा टाकत हे सगळं मला सांगितलं. गालावर मातीची पाच बोटं. मी स्वतः धुतली. गेली नाहीत. दाढी का ठेवायचा तो, विचारत होतास ना? त्यासाठी!

उजाडल्यावर मी आणि पहारेकरी बागेत गेलो. डबा तिथेच, दगडावर पालथा. मी हात पुढे केला, तर म्हाताऱ्याने माझं मनगट धरलं. मला मागे ओढलं.

तेव्हा दिगू, बागा बघ, किल्ले बघ. त्या बुरुजाच्या वाटेने जाऊ नकोस. आणि पालथा डबा दिसलाच, वर लवूचं नाव कोरलेलं दिसलं, तर सासऱ्याची आठवण म्हणून उचलू नकोस. तो उचललास की पंगत पुन्हा बसेल.

आणि ती मुलगी आता तुझ्या घरात आहे.