चादरीचं भांडण

मी मूळची केम गावची. आईबाप दुसऱ्याच्या रानात राबायची, मला लगीन करून सोलापुरात दिली, आन नवरा सोडून गेला तवा नवी पेठंतल्या एका दुकानात चादरींच्या घड्या घालायला लागले.

मालकाचं डोस्कं लई चालायचं. म्हनला, जाहिरातीला फलक नको, पत्रकं नको, भर चौकात भांडा. माझा खोटा नवरा म्हनून त्यानं गोविंदराव बहुरूपी धरला. त्यांच्या घराण्यातच ते, कधी पोलिसाचं, कधी वैद्याचं सोंग घेऊन लोकांना हसवायचं. आमी एका चादरीची दोन टोकं धरायची, माझी की तुझी म्हनून वडायचं, मी शिव्या घालायच्या, आन शिव्या मला लई येत्यात, काय सांगू तुमाला, मधीच गोविंदराव खोटी थप्पड मारायचे, आवाज सोताच्या मांडीवर काढायचे. गर्दी जमली की मालक कर्ण्यावर वरडायचा, संसार फाटला पर चादर फाटली न्हाय! लोक हसायची, मागनं दुकानात यायची.

त्या दिवशी गोविंदरावांचा पाय घसरला आन थप्पड खरीच बसली माझ्या नाकावर. रगत आलं. झालं! कुनीतरी वरडलं, बाईला मारतो व्हय रे भाडखाव, आन पाच-सहा जन तुटून पडले. एकानं तीच चादर गळ्याला आवळून त्यांना फरफटवलं, एकानं तोंडावर बूट हानला, दात माझ्या पायापाशी पडले. मी वरडते, आवो सोडा त्यांला, खोटं हाय, जाहिरात हाय, नवरा न्हाय तो माझा! तर एक बाई मलाच मिठी मारून धरती, म्हनती, बघा, मार खाऊनबी त्यालाच वाचवती बिचारी. मुडदा बशिवला त्यांचा! माझा खरा नवरा ह्याच पेठंत मला केसाला धरून वडायचा, तवा एकजन पुढं आला न्हाय, घरचा मामला म्हनायची. आन मालक? कर्ण्यावर एक शब्द बोलला असता तरी थांबली असती, पर कर्णा काखंत मारून पळाला गल्लीत.

शेवटी मी त्या बाईच्या हाताला कडकडून चावले, सुटले, आन गोविंदरावांच्या अंगावर आडवी पडले. दोन लाथा मला बसल्या तवा कुठं ती मारनारी थांबली.

डावा डोळा गेला त्यांचा. दवाखान्यात म्हनले, बाई, जलमभर सोंगं केली, पर एवढं खरं कुनी मानलं न्हवतं. मला रडू आलं, रागबी आला. मालकाचं काम सोडलं, आता चार घरची धुनीभांडी करते.

मागल्या आठवड्यात बाजारात एक गडी बायकोला ढोसत हुता. मी जाऊन तिलाच इचारलं. ती म्हनली, काय न्हाय मावशी, मारत न्हाय तो, जावा तुमी. आता खरं मानावं का खोटं, तुमीच सांगा. माझंबी कुनी मानलं न्हवतं की. मग मी कुनाला हाक मारली न्हाय आन गेलेबी न्हाय, पिशवी खाली ठिवून तिच्याशेजारी पायरीवर बसले. देव तिचं भलं करो, तिनं हळूच माझा हात धरला, आन गडी निघून गेला तरी सोडला न्हाय.