दिव्याच्या गाण्यात मी उठलो

आण्णांचं टीव्हीवरचं गाणं मी मोडलं. भर गाण्यात खुर्चीतून उठलो, चपला वाजवत स्टेजवर चढलो अन् हातात नोट धरून त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. प्यायलेलो नव्हतो, कुणी ढकललं बी नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हंजे पुढं मी किती बी गोड बोललो तरी तुमी भुलायचं न्हाई.

तर भाऊ, मी निमगाव सावाचा. बबन म्हंत्यात मला. बाप कांदा, बाजरी करायचा, आई त्याच्या मागं राबायची, अन् मी दोघांच्या मधी आडवा यायचो. देवानं मला एकच गोष्ट दिली, आवाज. गळा न्हाई हां, आवाज. गळा येगळा अन् आवाज येगळा. आमची म्हैस चुकली की आई मला बांधावर उभं करायची, म्हणायची दे हाळी, अन् मी हाळी दिली की आसपासच्या रानातली समदी माणसं वळून बघायची, म्हैस तेवढी वळायची न्हाई. शाळेत बाकी काय जमलं न्हाई, पण झेंडावंदनाला सावधान म्हणायचं काम माझ्याकडं. त्या सावधानवर माझं सगळं आयुष्य निघालं म्हणा ना.

गळा व्हता आण्णांकडं. रंगनाथ आण्णा, बोरी बुद्रुकचे, माझ्याहून बरेच मोठे. एका लग्नात पयल्यांदा ऐकले. जेवणाच्या पंगती चालल्या व्हत्या, पत्रावळीवर बुंदी पडली व्हती, अन् हा माणूस माईकला व्हट टेकवून असं हळू गायला लागला की वाढपी वाढायचे थांबले. वरडायचं न्हाई, हातवारे करायचे न्हाईत, कानात सांगितल्यागत गायचं. मी जाऊन पाया पडलो, म्हणलं आण्णा, मला बी संगं घ्या. ते म्हणले, गाऊन दाखव. मी गायलो. ते म्हणले, बबन, तू बोलत जा.

असा मी त्यांच्या ऑर्केस्ट्रात निवेदक झालो. आमचा मुलूख तमाशाचा, नारायणगावात तमाशावाल्यांच्या राहुट्या, तिथं आमी शिनेमाची गाणी घेऊन जत्रा करायचो, म्हंजे बघा किती शहाणे. पण चाललं. टेम्पोत ड्रम, कॅशिओ, कर्णे भरायचे अन् चैत्र लागला की जुन्नर, आंबेगाव पालथं घालायचं.

आता जत्रंतली एक रीत तुम्हाला सांगतो, ती कळल्याबिगर माझा गाढवपणा कळायचा न्हाई. गाणं आवडलं की माणूस खालून नोट वर धरतो. बक्षीस. माझं काम काय, तर खाली उतरायचं, नोट घ्यायची, नाव गाव इचारायचं, वर चढून आण्णांच्या कानात सांगायचं. आण्णा गाण्यात असतील तिथं थांबायचे, म्हणायचे अमक्या गावचे तमके यांच्याकडून प्रेमाची भेट, मंडळी आभारी आहे, अन् परत गाणं उचलायचे. उशीर केलेला चालत न्हाई. नोट धरून माणूस ताटकळला की त्याचा भावकीत अपमान व्हतो. एका जत्रंत असंच एकाचं नाव घ्यायचं राहिलं, त्यानं अन् त्याच्या साडूनं मिळून आमचा ड्रम फोडला. तवापासून आण्णांनी नेमच घालून दिला, बबन, नोट धरलेला माणूस उभा ठेवायचा न्हाई, गाणं मेलं तरी चालंल.

अन् एक गाणं रोजच मरायचं बघा. दिव्याचं गाणं.

ते तळेघरच्या एका प्राथमिक शिक्षकानं लिवलेलं. तिकडं डोंगरात येष्टी कमी, समदं पायी. एक बाई दारात दिवा घेऊन बसलीय, तिचा माणूस घाट उतरून चालत यायचाय, अन् वारं त्या दिव्याला राहू देत न्हाई, एवढंच गाणं. आण्णांनी स्वतः चाल लावली. संथ. दुसऱ्या कडव्यात वारं येतं, तिथं तबला थांबतो, पेटी थांबते, आण्णा बी थांबतात, दिवा इझला का राहिला कळत न्हाई, अन् मग ते एकदम वरच्या सुरात निघतात. काय सांगू तुम्हाला, अंगावर काटा. पण जत्रंत ते थांबले की लोकास्नी वाटायचं, संपलं गाणं. की लगेच नोटा वर. की मी खाली. की आण्णा म्हणणार, मंडळी आभारी आहे. तिथनं पुढं तो दिवा परत लागायचाच न्हाई, खालून वरडायचे, आण्णा, आता फास्ट होऊ द्या! मी त्यांच्या संगं एवढ्या जत्रा केल्या, पण ते गाणं शेवटपतुर गेलेलं एकदा बी ऐकलं न्हाई. अन् मधी कोण यायचं? मीच.

मग डीजे आले. एका जत्रंत पोरं आण्णांना म्हणली, बाबा बसा आता, आमाला नाचू द्या. आण्णा बसले ते बसलेच. पेटी माळ्यावर गेली, आण्णा द्राक्षाच्या बागंत गेले. मी लग्नात माईकवर पावण्यांची नावं घ्यायला लागलो, इलेक्शनला जीपमधी बसायला लागलो. कुणाचा बी प्रचार. आवाजाला पक्ष नसतो.

दोन हजार साल उलटून गेल्यावर कधीतरी टीव्हीवाली एक म्याडम हुडकत हुडकत बोरीला आली. जुने स्टेजचे गायक घेऊन पुण्यात मोठ्या हॉलात कार्यक्रम करायचा, शूटिंग करून टीव्हीवर दाखवायचा. आण्णा म्हणले, न्हाई. म्याडम माझ्याकडं आली, मी आण्णांच्या मागं लागलो. रोज जायचो, चहा प्यायचो, तेच बोलायचो. शेवटी वैनीच म्हणल्या, अहो गा एकदाचे, या भावजींच्या चहापायी दुधाचा रतीब तुटायला लागला.

आण्णांनी एकच अट घातली. एक गाणं तुमच्या पसंतीचं म्हणतो, पण दिव्याचं गाणं मला सलग गाऊ द्यायचं. पयल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापतुर. म्याडम म्हणली, आण्णा, तिथं कोण अडवणार तुम्हाला? माझ्याकडं बघून म्हणली बरं का. तिला काय म्हाईत.

आण्णांनी पेटी खाली काढली. ताक बंद, मिरची बंद, बागंत औषध मारायला गडी लावला. वरचा सूर लागायला तयार नव्हता, वय गळ्याचं बी व्हतंच की. पण रोज पहाटं गोठ्यात गायांपुढं गाऊन गाऊन त्यांनी तो सूर परत आणला. वैनी म्हणायच्या, गायी दूध कमी देत्यात पण माणूस परत हसाया लागलाय.

शूटिंगला गावातनं गाडी भरून गेलो. मी फेटा बांधलेला, पुढच्या रांगेत, शेजारी पांडबा. हा पांडबा आमच्याच निमगावचा, आण्णांचा जुना भक्त, एक जत्रा सोडली न्हाई त्यानं अन् एका बी जत्रंत बक्षीस दिल्याबिगर घरी गेला न्हाई. हॉल असा गारेगार की बसल्या बसल्या झोप यावी. एका माणसानं येऊन सांगितलं, कुणी उठायचं न्हाई, बोलायचं न्हाई, हात वर केला की टाळ्या. मी मागं वळून आमच्या लोकास्नी दम दिला, म्हणलं, ऐकलं का रे, जत्रा न्हाई ही.

आण्णांनी पयलं फास्ट गाणं म्हणलं, टाळ्या झाल्या. मग दिवे बारीक झाले अन् दिव्याचं गाणं सुरू. पांढरा झब्बा, डोळे मिटलेले, तोच माणूस, तोच गळा. मी लग्नात ऐकला व्हता तसा. पयलं कडवं झालं. माझ्या डोळ्याला धार. दुसरं कडवं. वारं आलं. तबला थांबला. पेटी थांबली. आण्णा थांबले.

अन् पांडबानं माझ्या हातात नोट दिली.

माझं डोकं त्या वेळी कुठं व्हतं ते मला इचारू नका. मी उठलो एवढं खरं. पायांनीच उचललं मला. तीन पायऱ्या असतील न्हाईतर चार, चढून गेलो, वायरी ओलांडल्या, अन् आण्णांच्या शेजारी उभा राहिल्यावर माझ्या ध्यानात आलं की समोर कॅमेरा हाय. सगळा हॉल माझ्याकडं बघतोय. म्याडमनं कपाळाला हात लावलाय. आण्णांनी डोळे उघडले, सूर घ्यायला छाती भरलेली व्हती त्यांची. माझ्याकडं बघितलं, नोटंकडं बघितलं. अन् छातीतला श्वास तसाच सोडून दिला. माझ्या खांद्यावर हात ठेवला, माईकमधी म्हणले, निमगाव सावाचे पांडुरंगशेठ यांच्याकडून प्रेमाची भेट, मंडळी आभारी आहे.

हॉल हसला. लई हसला. मी फेट्यासकट खाली उतरलो.

म्याडम भली, ती म्हणली, परत घेऊ. आण्णांनी परत घेतलं. पण त्या वळणावर आले अन् सूर वर चढंना. फाटला. तिसऱ्यांदा त्यांनीच हात जोडले, म्हणले, राहू द्या, दिवसाला तेवढाच सूर व्हता माझ्याकडं. गाडीत पांडबा मला शिव्या घालत आला. म्हणला, मी सवयीनं दिली नोट, तुला काय खिसा नव्हता व्हय?

टीव्हीवर लागलं त्या दिवशी आण्णांच्या अंगणात सतरंज्या टाकून सगळी बोरी बसली. एरवी येळेवर जाणारी लाईट त्या दिवशी जावी म्हणून मी देवाला नारळ बोललो, पण लाईट हालली न्हाई. फास्ट गाणं दाखवलं. दिव्याचं गाणं दाखवलंच न्हाई. अन् टाळ्यांच्या वक्ताला कोण दिसलं तर मी. फेटा बांधून, खुशाल दात काढून टाळ्या वाजवतोय. पोरं नाचाया लागली, बबनतात्या टीव्हीवर आला, बबनतात्या आला! आण्णा बी वाजवत व्हते टाळ्या. माझ्यासाठी. मी चप्पल न घालताच तिथनं निघून आलो.

मग मी बोरीचा रस्ताच सोडला. बाजाराला जायचं तर लांबचा वळसा घालून जायचो. बोरीत लग्न असलं की सांगायचो, घसा बसलाय. आमची ही म्हणायची, तुमचा घसा बरा गाव बघून बसतो. पुढच्या द्राक्षाच्या हंगामाला वैनींनी पांडबाच्या हाती माझी एकच चप्पल धाडली अन् निरोप दिला, दुसरी न्यायला या.

गेलो. आण्णा ओट्यावर बसलेले. मी पाय धरायला वाकलो तर म्हणले, वाकू नको, तुझी कंबर धरती. मी म्हणलं, आण्णा, तुमी गात राहायचं व्हतं हो, माझ्याकडं बघायचंच न्हाई, मी आलो असतो की गुमान खाली. ते म्हणले, कसा आला असतास? सगळ्या पुण्यानं बघितलं असतं तुला तसा नोट धरून उभा, अन् मी डोळे मिटून गात राहू? नोट धरलेला माणूस उभा ठेवायचा न्हाई, नेम माझाच हाय. तू खाली कसा उतरला असतास, सांग.

मी तिथंच बसून रडलो. म्हणलं, मग आता म्हणा, मला एकट्याला. आण्णांनी पेटी ओढली, पयलं कडवं म्हणलं, दुसरं म्हणलं, वारं आलं, थांबले. डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. मी हात पाठीमागं बांधले. तरी ते बघतच राहिले, मग पेटीचा भाता मिटला अन् हसून म्हणले, बबन, तू समोर असलास की इथं नाव यायची वाट बघतो रे मी.

आता हे असंच चाललंय. मी अधनंमधनं जातो, पायरीवर पाठ करून बसून बघितलं, गोठ्याच्या भिंतीआड उभा राहून बघितलं, माझी चाहूल लागली की दिवा तिथंच अडतो. मी नसलो की रोज सलग व्हतं म्हंत्यात, अगदी शेवटपतुर. वैनींनी ऐकलंय, गड्यानं ऐकलंय, गायींनी बी ऐकलंय. चांगलं असावं. आण्णांचा गळा देवानं असाच ठेवावा, आपलं काय, आपण चहा प्यायचा.

परवा बी असाच पिऊन बसलो व्हतो. आण्णांनी पेटी पुसली, माझ्याकडं बघून परत झाकून ठेवली. वैनी कपबशी उचलायला आल्या अन् म्हणल्या, भावजी, बसायचं तवा उठलात, अन् आता उठायचं तवा बसून राहिलात. जा की घरी, गाणं पुरं हुंद्या त्यांचं.